मेजर ऑगस्टा यांचे अर्ज

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ही गोष्ट आपण सभासभांतून सांगतो. पण मुक्तीनंतर तेथल्या काळ्या माणसाचे, त्यातही शिकलेल्या, हुद्द्यावर पोचलेल्या काळ्या माणसाचे काय झाले, हे आपण फारसे विचारीत नाही. त्याच १८७३ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर ऑगस्टा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवीत होते. युद्धात ते मेजर होते. आणि त्याच शहरातल्या डॉक्टरांच्या संस्थेने त्यांना सभासद करून घ्यायचे नाकारले होते.

जन्म १८२५चा, व्हर्जिनियातील नॉरफोकचा. घराणे गुलामांचे नव्हते, पण काळ्यांना शिकविण्यावर त्या राज्यात कायद्यानेच बंदी होती. ते चोरून वाचायला शिकले आणि पोटासाठी न्हाव्याचे काम करू लागले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने प्रवेश नाकारला. तेथल्या एका प्राध्यापकाने मात्र त्यांना खासगीत शिकविले. द्रोणाचार्यापेक्षा हा गुरू बरा, त्याने अंगठा मागितला नाही. पण वर्गाचे दार काही उघडले नाही. अखेर देश सोडून कॅनडात, टोरोंटोला, त्यांनी पदवी घेतली.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा काढला. आठवड्याच्या आत, ७ जानेवारीला, ऑगस्टांनी लिंकनला पत्र लिहिले: काळ्या पलटणींसाठी मला डॉक्टर म्हणून घ्या. परीक्षा मंडळाने आधी नाही म्हटले. एक तर हे काळे, त्यातून परक्या राज्याचे प्रजाजन! ऑगस्टा वॉशिंग्टनला जाऊन उभे राहिले. परीक्षा झाली, ते उत्तीर्ण झाले आणि एप्रिलमध्ये मेजरच्या हुद्द्याचे सर्जन झाले. अमेरिकन सैन्यात असा हुद्दा मिळालेले ते पहिले काळे डॉक्टर.

अंगावर गणवेश चढल्याला महिनाही झाला नसेल. १ मे रोजी बाल्टिमोरच्या स्टेशनात जमावाने त्यांना मारहाण केली आणि खांद्यावरच्या हुद्द्याच्या पट्ट्या फाडल्या. राग माणसावर होताच, पण त्या पट्ट्यांवर अधिक होता. आपल्याकडे नवा कपडा घालून गावच्या वेशीतून जाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे वॉशिंग्टनमध्ये पळून आलेल्या गुलामांच्या छावणीतले इस्पितळ त्यांनी चालविले. या माणसांना सरकारी भाषेत ‘जप्तीचा माल’ म्हणत. मग सातव्या काळ्या पलटणीवर नेमणूक झाली. तेथे त्यांच्या हाताखाली गोरे साहाय्यक डॉक्टर आले, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये या मंडळींनी थेट लिंकनकडे तक्रार केली. तक्रारीचा सूर नीट ऐकण्यासारखा आहे. काळ्यांची उन्नती आम्हालाही हवी आहे, पण काळ्याच्या हाताखाली काम करणे आमच्या स्वाभिमानाला सोसणार नाही. म्हणजे उपकार करायला तयार, हुकूम ऐकायला नाही. ही माणसे गुलामगिरीचे समर्थक नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. ऑगस्टांना पलटणीतून हलवून बाल्टिमोरला भरतीच्या जवानांची तपासणी करायला बसविण्यात आले. तक्रार करणारे जागेवर राहिले.

बाल्टिमोरच्या पगार अधिकाऱ्याने या मेजरच्या हातावर महिन्याचे सात डॉलर ठेवले. काळ्या शिपायाचा पगार दहा, त्यातून कपड्यांचे तीन वजा! ऑगस्टांनी ते घेतले नाहीत. सिनेटर हेन्री विल्सन यांना पत्र लिहिले, आणि हुद्द्याप्रमाणे पगार देण्याचा हुकूम निघाला.

त्यांची सगळ्यात मोठी लढाई मात्र एका खुलाशातून उभी राहिली. १ फेब्रुवारी १८६४ रोजी ते एका लष्करी खटल्यात साक्षीला निघाले होते. पाऊस पडत होता. घोड्यांच्या ट्राममध्ये कंडक्टरने त्यांना आत येऊ दिले नाही. पुढे, गाडीवानाजवळ, उघड्यावर उभे राहा म्हणाला. त्यांनी नकार दिला तेव्हा खाली ढकलले. ते चिखलातून चालत गेले, अर्थातच उशिरा पोचले. उशीर का झाला, असे न्यायालयाने विचारले. ऑगस्टांनी जे घडले ते लेखी दिले. तो कागद सिनेटर चार्ल्स समनर यांनी सिनेटमध्ये वाचून दाखविला, आणि मार्च १८६५ मध्ये राजधानीच्या ट्राममधून रंगाच्या कारणाने कोणालाही वगळण्यास कायद्याने बंदी झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली महारांच्या लष्करभरतीसाठी लिहिलेले विनंतीपत्र याच कुळीचे. आमच्यातल्या काही तरुणांना अर्ज म्हणजे लाचारी वाटते. अर्ज कोण लिहितो आणि काय मागतो, हे त्यांनी पाहावे.

युद्ध संपता संपता त्यांना लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. पण १८६९ मध्ये वॉशिंग्टनच्या वैद्यकीय संस्थेने त्यांच्यासह तिघा काळ्या डॉक्टरांना सभासदत्व नाकारले. काळ्या-गोऱ्या डॉक्टरांनी मिळून वेगळी संस्था काढली, तर १८७० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तिच्या प्रतिनिधींना अधिवेशनात बसू दिले नाही. काळ्या डॉक्टरांशी झालेल्या वागणुकीबद्दल या असोसिएशनने माफी मागितली ती २००८ साली.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ऑगस्टा वारले. त्यांना आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरले. तेथे जागा मिळालेले ते पहिले काळे अधिकारी. २०२३ साली व्हर्जिनियातील एका मोठ्या लष्करी इस्पितळाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या राज्यात त्यांना अक्षरे चोरून गिरवावी लागली, तेच हे राज्य.