निजामाची विमाने आणि मराठवाड्याचा सारा

नांदेडच्या गोदाकाठी उभे राहून कोणी म्हणू लागला की, या मुलखाच्या साऱ्यातून उभी राहिलेली विमाने एके काळी ऱ्हाईन नदीपलीकडे बाँब टाकीत होती, तर ऐकणारा त्यास वेड्यात काढील. तथापि गोष्ट खरी आहे. ज्या रयतेच्या घामातून ती घडली तिच्याच नातवंडांस ती ठाऊक नसावी, याचा आम्हांस विषाद वाटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या महायुद्धात हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रज सरकारास सढळ हाताने साहाय्य केले. त्या देणग्यांपैकीच एक म्हणजे ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या वैमानिक पथकास मिळालेली ‘डी. एच. ९ ए’ जातीची बाँबफेकी विमाने. त्यांच्यावर, ही निजामाची देणगी आहे, असे ठळक अक्षरांत रंगविलेले असे. आणि पथकाच्या नावासही ‘हैदराबाद’ हे बिरूद कायमचे जडले. १९१८ सालीच निजामास ‘ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ दोस्त’ ही पदवी मिळाली.

पण दाता कोण? खजिना दिवाणीचा असो वा निजामाच्या खासगी सर्फेखास मुलखाचा असो, त्याचा मुख्य झरा शेतसारा हाच होता. नांदेड हा तेव्हा संस्थानचा एक जिल्हा होता व लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. लातुरास १९११ साली बार्शी लाईट रेल्वेची गाडी आली होती, व नांदेडचा गावरानी कापूस दूरवर नावाजलेला होता. त्या १९१८ साली दख्खनेत पावसाने दगा दिला, आणि पाठोपाठ मानमोडीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. नेमक्या त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात निजामाच्या नावाची विमाने जर्मनीवर घिरट्या घालीत होती!

हे पथक सप्टेंबरच्या आरंभी फ्रान्समधील बेतोंकूर येथे दाखल झाले. दर विमानात दोन असामी. पुढे चालक व मागे बंदूक घेतलेला निरीक्षक. चढाई भरदिवसा, आणि पल्ला फ्रँकफुर्ट, कोलोन अशा दूरच्या शहरांपर्यंतचा. जाताना पश्चिमेचा वारा बहुधा पाठीशी असे. परतताना तोच छातीवर येई. गोळी लागून इंजिन अर्धमेले झाले म्हणजे आपली हद्द गाठणे दुरापास्त होई. ब्रिटिश वैमानिकांस तेव्हा हवाई छत्र्या दिलेल्या नव्हत्या. तेव्हा उडी घेऊन जीव वाचविण्याची वाटही बंद. मोडके विमान शत्रूच्या शेतात उतरवावयाचे, जमल्यास स्वहस्ते पेटवावयाचे, आणि मग हात वर करावयाचे! २१ ऑक्टोबर रोजी कोलोनकडे निघालेल्या तुकडीतील सात विमाने ढगांत व लढाईत नाहीशी झाली. दोन महिन्यांच्या कारकिर्दीत पथकाने सुमारे साडेदहा टन बाँब टाकले; त्यापायी सतरा विमाने शत्रुप्रदेशात गेली व अठ्ठावीस अपघातांत मोडली. जे तरुण वाचले त्यांतले कित्येक युद्धकैदी झाले.

यांपैकी एका विमानाची कथा विलक्षण आहे. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी कॅप्टन इंग्लिस व सेकंड लेफ्टनंट बॉडली हे ‘एफ १०१०’ घेऊन गेले असता त्यांस जर्मनीत उतरणे भाग पडले. दोघे कैद झाले, आणि विमानही कैद झाले. ११ नोव्हेंबरास युद्ध थांबले व माणसांची सुटका झाली. विमानाची मात्र झाली नाही. विजयचिन्ह म्हणून ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तेथून हलवून पोलंडात गेले. आणि अखेर १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आले. जवळजवळ साठ वर्षांचा हा बंदिवास!

दुसऱ्या महायुद्धातही दैवाने पाठ सोडली नाही. ४ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन आरमारावर झालेल्या पहिल्या ब्रिटिश हवाई हल्ल्यात याच पथकाची विमाने होती. त्यांचा नायक केनेथ डोरन याचा मोठा गौरव झाला. परंतु १९४० च्या एप्रिलात नॉर्वेच्या मोहिमेत त्याचेही विमान पडले, व तोही कैदेत गेला.

त्या वैमानिकांच्या धैर्यास आम्ही उणे लेखीत नाही. ते स्वदेशासाठी लढले, आणि त्यांची नावे त्यांच्या देशाने जपून ठेविली. निजामाचे नाव विमानाच्या अंगावर राहिले. ज्यांच्या खळ्यावरून पैसा गेला त्यांस मात्र कोणी विचारले नाही. कोणाच्या घरांवर बाँब पडणार हेही सांगितले नाही. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, पण या हिशेबाची वही कोणी उघडली नाही. आमचा वाचक कधी हेंडनला गेला, तर त्याने त्या विमानावरील निजामाचे नाव अवश्य वाचावे. आणि त्याखाली जे लिहिलेले नाही, ते नांदेड-लातूरच्या कुणब्याचे नाव, मनातल्या मनात लिहावे.