गल्लीचे पंच आणि वाट चुकलेली मुले

बालगुन्हेगारीचा प्रश्न आपल्याकडे प्रथम हाताळला गेला तो भिंतींच्या आत. 1857 साली मुंबईस डेव्हिड ससून यांच्या साहाय्याने मुलांची सुधारशाळा उभी राहिली. 1924 साली मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा झाला आणि 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आमच्या हैदराबादेत असा कायदा येण्यास 1951 साल उजाडले. मूल ज्या गल्लीत बिघडले ती गल्ली मात्र या साऱ्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली.

तिकडे शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ यांस एक विलक्षण गोष्ट आढळली होती. काही वस्त्यांतून एका देशाचे लोक जाऊन दुसऱ्या देशाचे येत, तरी तेथील बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राही. तेव्हा दोष रक्ताचा नसून वस्तीच्या स्थितीचा, हे जाणून त्यांनी 1930 नंतरच्या दशकात वस्तीतील रहिवाशांकडेच हे काम सोपविले.

आपल्याकडील जवळचे उदाहरण भिवंडीचे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावी 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या घडविल्या. हिंदू, मुसलमान आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या समित्या काही मुलांसाठी नव्हत्या. पण दगड उचलणारा हात बहुधा पोरसवदा असतो, आणि तो कोणाच्या घरचा हे गल्लीस ठाऊक असते.

कायद्यानेही पुढे हे ओळखले. 1986 च्या कायद्यात दोन समाजसेवक न्यायाधीशांस केवळ साहाय्य करीत; 2000 च्या कायद्याने ते बाल न्याय मंडळाचे सदस्य झाले.

जामबागेस हे नवे नव्हे. येथील विवेकवर्धिनी 1907 साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी काढली ती निजामी राजवटीत, लोकांच्या बळावर. अशा परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. म्हणूनच पुढील गोष्ट सांगणे जड जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील पितळी नळ चोरीस गेले. पोलिसांत न जाता गल्लीतील वडीलधारी मंडळी जमली. हेतू चांगला होता. अर्ध्या तासात एका हातगाडीवाल्याच्या मुलाचे नाव ठरले. पुरावा एवढाच की, तो वर्गात कमी व रस्त्यावर अधिक दिसे. आम्हीही मान डोलावली. मूल निर्दोष आहे असे प्रथम गृहीत धरावे, हे 2015 च्या कायद्यातील पहिलेच तत्त्व. आमच्या बैठकीत ते कोणास आठवले नाही. मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. पुढे नळ भंगारवाल्याकडे सापडले. ते विकणारा बैठकीस बसलेल्यांपैकीच एका गृहस्थाचा पुतण्या निघाला. त्याचे प्रकरण घरातल्या घरात मिटले.

आम्ही हातगाडीवाल्याचे घर शोधीत गेलो, तेव्हा खोलीस दुसऱ्याच भाडेकऱ्याचे कुलूप होते. हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे आमच्याच अक्षरात ‘नाव कमी केले’ असा शेरा आहे.