ज्याला विचारायलाच कुणी गेलं नाही

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

परवा रविवारी संध्याकाळी रहिमतपूर स्टेशनबाहेर पाहुण्यांची वाट बघत उभा होतो, तेवढ्यात जुन्या मित्राचा फोन आला. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आम्ही एका खोलीत राहायचो. तो कॅथलिक. आपल्या भागात ख्रिस्ती मंडळी थोडी, त्यात कॅथलिक आणखी थोडी, त्यामुळे गावोगावच्या घरांचा मिळून त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्या ग्रुपवरच्या एका शिक्षिकेने फेसबुकवर लिहिलं की बायकांनाही फादर होता आलं पाहिजे, पोपांनी हे दार बंद केलं ते चुकलं. झालं. तिला ग्रुपमधून काढलं. एकाने स्क्रीनशॉट बिशपांना पाठवला. एकाने लिहिलं, तिला कम्युनियन देऊ नका. कुणीतरी तिच्या शाळेचं नावही टाकलं.

मित्र म्हणाला, "अरे, मला तिचं म्हणणं पटत नाही. चर्चची शिकवण स्पष्ट आहे. पण हे जे चाललंय तेही पटत नाही. तू पत्रकार आहेस, सांग, काय करायला पाहिजे?"

मी म्हणालो, मी वारकऱ्याच्या घरातला माणूस, मला काय विचारतोस! पण प्रश्न डोक्यातून जाईना. आठ दिवस जुनी पुस्तकं काढून वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी एक गोष्ट मान्य करू. तिने जे लिहिलं ते चर्चच्या शिकवणीच्या विरोधातच आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मे १९९४ मध्ये पत्र काढून सांगितलं की स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, आणि ही गोष्ट सर्वांनी कायमची धरून चालावी. एखाद्या संस्थेला आपली शिकवण काय आहे आणि काय नाही, हे सांगायचा हक्क असतोच. ज्ञानेश्वरीवर प्रवचन करणाऱ्याने वाटेल तो अर्थ सांगितला तर आपण तरी गप्प बसतो का? तेव्हा वाद हक्काचा नाही, तो बजावायचा कसा याचा आहे.

आता लोणावळ्याला चला. चिक्की घ्यायला आपण सगळेच थांबतो, पण तिथे 'साधना' नावाची एक संस्था आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती उभी केली फादर अँथनी डिमेलो यांनी. जन्म मुंबईचा, ४ सप्टेंबर १९३१. सोळाव्या वर्षी येशूसंघात, म्हणजे जेझुइटांत दाखल झाले. तत्त्वज्ञान बार्सिलोनात शिकले, मानसशास्त्र शिकागोत. परत आल्यावर सत्तरीच्या दशकात पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी फादर-सिस्टरांना प्रार्थना शिकवायला सुरुवात केली, पुढे तेच काम लोणावळ्याला नेलं. शिकवायची रीत वेगळी होती. श्वासाकडे लक्ष द्या, अंगातल्या संवेदना बघा, मग देवाकडे वळा. गोएंकाजींच्या विपश्यनेचा त्यांच्यावर प्रभाव होता. बोलता बोलता सूफींच्या, झेन गुरूंच्या, आपल्याकडच्या साधूंच्या गोष्टी सांगायचे आणि हसवायचे. १९७८ साली त्यांचं 'साधना' हे पुस्तक आलं, नंतर गोष्टींची पुस्तकं आली, आणि ती जगभर गेली. कितीतरी भाषांत भाषांतरं झाली. जून १९८७ मध्ये व्याख्यानांसाठी न्यूयॉर्कला गेले असताना हृदयविकाराने ते गेले. वय पंचावन्न. देह मुंबईला आणला, वांद्र्यात दफन झालं.

त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ या तारखेने, रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांच्या लिखाणावर एक अधिसूचना काढली. सही कार्डिनल रॅट्झिंगर यांची, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. पत्रात पहिल्या पुस्तकांबद्दल चार चांगले शब्द आहेत, प्रार्थनेसाठी ती उपयोगी पडू शकतात असं म्हटलंय. मग म्हटलंय की पुढे पुढे डिमेलो ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून लांब गेले. देव त्यांच्याकडे एक निराकार तत्त्व होऊन बसतो, आणि येशू देवाचा पुत्र न राहता अनेक गुरूंतला एक गुरू होतो. ही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत आणि त्यातून गंभीर हानी होऊ शकते, असा निकाल.

मी डिमेलोंची तीन पुस्तकं वाचली आहेत. खरं सांगायचं तर रोमचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला ती पुस्तकं इतकी जवळची वाटतात, कारण त्यात 'ख्रिस्ती' असं फारसं अडत नाही. कॅथलिक माणसाला तीच गोष्ट टोचू शकते, हे मला समजतं.

खटकतं ते दुसरंच. ज्याला विचारायचं तो माणूस अकरा वर्षं कबरीत होता. "फादर, या गोष्टीत तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?" हे कोण विचारणार, आणि उत्तर कोण देणार? त्यातही 'अवेअरनेस' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, भाषणांवरून दुसऱ्याने तयार केलेलं. भाषणात माणूस समोरच्याला हलवण्यासाठी एखादं वाक्य मुद्दाम तिरकं टाकतो. ते छापलं की सिद्धांत होऊन बसतं. आम्ही बातमीदार हे रोज बघतो, सभेत टाळी घेणारं वाक्य दुसऱ्या दिवशी मथळ्यात कसं दिसतं ते.

गंमत अशी की रोमच्याच नियमांत याची सोय आहे. जून १९९७ मध्ये, म्हणजे या पत्राच्या एकच वर्ष आधी, त्याच मंडळाने लिखाण तपासण्याची सुधारित पद्धत जाहीर केली होती. त्यात लेखकाची बाजू मांडणारा एक माणूस नेमायचा असतो, आक्षेप लेखकाला कळवायचे असतात, त्याला उत्तराला वेळ द्यायचा असतो. मेलेल्या माणसाला आक्षेप कळवणार कुठे?

आणखी मागे गेलो तर डिमेलोंच्या येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला भेटतात. १५२७ साली स्पेनमध्ये अल्कला गावी धर्मन्यायालयाच्या चौकशीत ते बेचाळीस दिवस कोठडीत होते, पुढे सालामांकात पुन्हा तुरुंग. गुन्हा काय, तर धर्मशास्त्राची पदवी नसताना लोकांना देवाबद्दल शिकवतो. म्हणजे संशयित असणं काय असतं हे त्यांनी अंगावर घेतलेलं. त्यांनी साधनेचं जे पुस्तक लिहिलं त्याच्या सुरुवातीलाच एक सूचना आहे. तिचा भावार्थ असा: समोरच्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला आधी तयार राहा. लागत नसेल तर त्यालाच विचार की तुला काय म्हणायचंय. तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त कर. एवढ्यानेही भागलं नाही तरच पुढचे उपाय. बायबलमध्ये मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू हेच सांगतो. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग.

माझ्या मित्राच्या ग्रुपने हा जिना उलटा चढला. मंडळीला आधी सांगितलं, बिशपांना त्याच दिवशी, आणि तिला फोन कुणीच केला नाही.

विचारलं, तर काय होतं? शेजारच्या श्रीलंकेतली गोष्ट त्याच वर्षांतली आहे. फादर तिस्सा बालसूरिया या ज्येष्ठ धर्मगुरूंना मरियामातेवरच्या पुस्तकातल्या मतांमुळे जानेवारी १९९७ मध्ये बहिष्कृत केलं. शिक्षा फार मोठी, आणि जगभर त्यावर आरडाओरडा झाला. पण हा माणूस जिवंत होता, बोलणी होऊ शकत होती. ती झाली, आणि जानेवारी १९९८ मध्ये बहिष्कार उठला. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण म्हातारपणी तो माणूस आपल्या चर्चमध्ये परत होता. २०१३ ला ते वारले.

गोव्याची कथा याहून कडू आहे आणि माझ्या जास्त जवळची, कारण तीत एक संपादक आहे. पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस, जन्म १८३६, वेर्ण्याचे. धर्मगुरू असून त्यांनी एकामागून एक पोर्तुगीज वृत्तपत्रं चालवली आणि सरकार व चर्च दोघांवर टीका केली. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि पोप यांच्यात करार झाला. तोवर गोव्याच्या अखत्यारीत असलेल्या बऱ्याच चर्च दुसरीकडे गेल्या. आल्वारिसांनी विरोध केला, आणि शेवटी रोम सोडून ते केरळच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले. १८८९ मध्ये कोट्टायमला त्यांना बिशप केलं, नाव मार ज्युलियस. ते शिकवणीच्या एखाद्या मुद्द्यावर अडले नव्हते, थेट घरच सोडून गेले. त्यामुळे चर्चने त्यांना बहिष्कृत केलं यात नवल नाही. पण पुढे काय झालं बघा. बिशपचा पोशाख घातला म्हणून पोलिसांनी पकडलं आणि तो पोशाख उतरवून घेतला. ज्या समाजाने जन्मभर फादर म्हणून हात जोडले, त्यातल्या कितीतरींनी दारं लावून घेतली.

हा माणूस मात्र खचला नाही. निराधारांसाठी घर चालवलं, त्यासाठी रस्त्यावर झोळी घेऊन फिरला. पटकीची साथ आली तेव्हा उपचारांची पुस्तिका लिहिली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते गेले, तेव्हा दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत पणजीचे भिकारी होते आणि सरकारी अधिकारीही. त्या गर्दीत कॅथलिक किती असतील, तुम्हीच अंदाज करा. सांत इनेजच्या स्मशानात त्यांना चर्चच्या विधींशिवाय पुरलं. जो प्रश्न जिवंतपणी कुणी सोडवला नाही, त्याचं उत्तर लोकांनी त्या रस्त्यावर आपल्या परीने दिलं असं मला वाटतं. पण तोवर पस्तीसएक वर्षं गेली होती.

(आपल्या साताऱ्यालाही हे वारं लागून गेलंय. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडून साताऱ्यात राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ते प्रोटेस्टंट, म्हणून इथे लांबवत नाही. कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

परत डिमेलोंकडे येतो. १९९८ नंतर काही दुकानांनी पुस्तकं काढून टाकली. पण पुस्तकं छापणाऱ्यांनी मधला रस्ता काढला. आत एक टीप घातली, की ही पुस्तकं अनेक धर्मांच्या वातावरणात, इतर धर्मांच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांच्याही शोधाला मदत म्हणून लिहिली आहेत, कॅथलिकांना धर्मतत्त्वं शिकवायची पाठ्यपुस्तकं म्हणून नाहीत. वाचणाऱ्याला सावध केलं आणि लेखकाची अब्रूही ठेवली. मला ही टीप फार आवडते. चर्चची शिकवण पण राहिली, माणूस पण राहिला.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यात कलम २१२ आहे. आपल्या धर्मगुरूंना आपलं मत सांगण्याचा हक्क सामान्य कॅथलिकाला आहे, कधी कधी ते कर्तव्यच आहे, फक्त आदर आणि श्रद्धा सांभाळून. १९९० मध्ये रोमने धर्मशास्त्र्यांसाठी एक दस्तऐवज काढला, त्यात म्हटलं की पटत नसेल तर वरिष्ठांशी बोला, माध्यमांकडे धावू नका. माध्यमं म्हणजे आम्ही! वाचून हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. त्या बाईंनी फेसबुकऐवजी आधी आपल्या फादरांशी बोलायला हवं होतं का? या दस्तऐवजाच्या चालीने बघितलं तर हो. पण मग ज्यांनी स्क्रीनशॉट फिरवले त्यांनाही तोच नियम लागतो.

लाज का वाटली, तेही सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच तालुक्यातल्या एका वृद्ध कीर्तनकारांनी सुतकाबद्दल काही वेगळं बोलले म्हणून दोघांनी मला फोन केले. मी बातमी लावली, 'वारकऱ्यांत संताप'. संताप म्हणजे ते दोन फोन. बुवांना मी फोन केला नाही, सायकलवर जाण्याइतकं अंतर असूनही गेलो नाही. त्यांची पुढची दोन कीर्तनं रद्द झाली. पाचेक महिन्यांनी ते वारले. दहाव्याला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा एवढंच बोलला, "दादा, एकदा आबांना विचारलं असतंत." बातमीचं कात्रण अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं मी काल मित्राला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी तिच्या घरी जाऊ?" मी म्हणालो, जा. तुझं म्हणणं सोडू नकोस, चर्च काय सांगतं तेही तिला सांग, पण आधी तिला बोलू दे. तिच्या शाळेचं नाव ज्याने टाकलं त्याला तो मेसेज पुसायला लाव, ते पहिलं कर.

मेसेज पुसला गेलाय, आज सकाळी त्याने कळवलं. येत्या शनिवारी तो आणि त्याची बायको त्या बाईंकडे जाणार आहेत.