कष्टाचं शरीर, तरीही हार्ट अटॅक? रोजच्या कोणत्या सवयी हृदयाला महागात पडतात?

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी अशा तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. लाखो माणसं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि साधारण मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. पहाटे उठायचं, दिवसभर कोयता चालवायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि कधी कधी मध्यरात्री गाडी भरायची.

एवढी अंगमेहनत करणाऱ्या माणसाला हृदयविकार कशाला होईल, असं अनेकांना वाटतं. हा आजार खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा, शहरातल्या लोकांचा, असा समज आहे. पण हा समजच धोक्याचा ठरू शकतो. कारण तो बाळगणारा माणूस बीपी तपासत नाही आणि छातीत दुखलं तर 'गॅस झाला असेल' म्हणून कामाला लागतो.

हृदयाला त्रास देणाऱ्या रोजच्या सवयी कोणत्या आणि आपल्या हातात काय आहे, हे समजून घेऊया.

अंगमेहनत म्हणजे व्यायाम नाही का?

हालचाल हृदयासाठी चांगलीच. पण हृदयविकाराच्या कारणांपैकी ते फक्त एक आहे. २००४ साली 'इंटरहार्ट' हा ५२ देशांत झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट अटॅकचा ९० टक्क्यांहून जास्त धोका नऊ गोष्टींशी जोडलेला असतो, असं त्यात दिसलं. धूम्रपान, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या कमी खाणं, दारू आणि हालचालीचा अभाव या त्या नऊ गोष्टी. म्हणजे कष्टकरी माणसाची यातली एक गोष्ट जमेची असली, तरी उरलेल्या आठ शिल्लक राहतात.

याच अभ्यासातून आणखी एक बाब पुढे आली. भारतासह दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षी आला होता, तर इतर देशांत ५९च्या आसपास. आपल्याकडे हा आजार घर चालवणाऱ्या वयातच गाठतो.

शिवाय कामावरची मेहनत आणि व्यायाम यांचा हृदयावर सारखाच परिणाम होतो, असंही नाही. डेन्मार्कमधल्या १ लाख ४ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मोकळ्या वेळात व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं, पण कामावर जड मेहनत करणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसलं. व्यायामात हृदय थोडा वेळ जोरात चालतं आणि मग विसावतं. जड कामात नाडी आणि रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो आणि विश्रांती अपुरी मिळते, असं यामागचं एक स्पष्टीकरण संशोधक देतात.

तंबाखू आणि मिश्री: 'ओढत नाही, फक्त खातो'

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. यात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर न ओढता तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न चुना लावून मळलेल्या तंबाखूचा आणि मिश्रीचा आहे.

खाल्लेल्या तंबाखूमुळे फक्त तोंडाचा कॅन्सर होतो, असा समज आहे. पण धूर असो वा नसो, निकोटिन रक्तात जातंच. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वाढते, बीपी चढतं. गालात तासभर धरलेली गोळी हे काम तासभर करत राहते. तंबाखू चघळणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त असल्याचं 'इंटरहार्ट'मध्ये दिसलं.

मिश्रीकडे अनेक बायका व्यसन म्हणून बघतच नाहीत. 'दात घासते' एवढंच सांगितलं जातं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का?' असं विचारलं, तर मिश्री लावत असल्याचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तंबाखू आणि मिश्री मात्र सहज मिळते.

तंबाखू भूक मारते, थकवा विसरायला लावते. रानात दुपारचं जेवण लांबलं की ती हमखास निघते. त्यामुळे ती सोडणं हा फक्त मनाच्या निश्चयाचा विषय नसतो. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत हेल्पलाइनवर समुपदेशन मिळतं.

मीठ कुठून येतं?

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय माणूस सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो.

ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तमच. मीठ वाढतं ते तिच्यासोबतच्या ठेच्यातून, लोणच्यातून, पापडातून आणि येता-जाता खाल्लेल्या फरसाणातून. भाजी नसली की ठेचा जास्त लागतो, म्हणजे ताटातली भाजी कमी होते तसं मीठ वाढत जातं. मिठामुळे शरीरात पाणी धरून राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब चढतो.

घाम गाळणाऱ्याला जास्त मीठ लागत नाही का? घामातून मीठ जातं हे खरं. पण रोजच्या जेवणातून ते बहुतेक वेळा भरून निघतं. कमी पडतं ते पाणी. ज्यांना बीपी आहे त्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

चहा, भजी आणि दारू

एका कपात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाच्या पाच चहांमधून ४० ते ५० ग्रॅम साखर पोटात जाते. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादाच साधारण ५० ग्रॅम आहे आणि २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर आणखी चांगलं. चहा सोडायची गरज नाही, अर्धा चमचा साखर कमी करून सुरुवात करता येते.

भजी, वडे रोजचे नसावेत. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक तयार होतात, हे घरच्या कढईलाही लागू आहे. आणि 'अंगदुखीवर थोडी घेतो' म्हणून रोज घेतलेली दारू बीपी वाढवते.

अपुरी झोप

प्रौढांना ७ तास तरी झोप हवी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२मध्ये हृदयाच्या आरोग्यासाठीच्या आठ मुख्य गोष्टींमध्ये झोपेचा समावेश केला. झोपेत बीपी खाली येतं, हृदयाला उसंत मिळते. ऊसतोडीत रात्री गाडी भरावी लागते, तेव्हा ही उसंत जाते. गावात राहणाऱ्यांची झोप अनेकदा मोबाइल खातो. पहिल्यांची झोप कामाने ठरते, दुसऱ्यांची मात्र त्यांच्या हातात आहे.

'बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद

बीपीचं दुखणं जाणवत नाही. गोळीने आकडा खाली येतो, माणूस 'बरा झालो' म्हणतो आणि गोळी बंद करतो. मग बीपी पुन्हा वाढतं, तेही काही न कळता.

स्थलांतरात हे आणखी सहज घडतं. गावातला दवाखाना मागे राहतो. फडावरून दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. त्या गोळ्या बहुतेक सरकारी दवाखान्यांत कुठेही मिळू शकतात.

बायकांनी वेगळं काय लक्षात ठेवावं?

२०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक.

याचा हृदयाशी संबंध आहे. बीजकोशातून तयार होणारं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात संरक्षण देतं. ऑपरेशनमध्ये बीजकोशही काढले, तर हे संरक्षण एकदम जातं. ते ठेवले तरी त्यांचं काम लवकर थांबू शकतं. त्यामुळे असं ऑपरेशन कमी वयात झालेल्या बाईने बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी इतरांपेक्षा लवकर आणि नियमित करावी. ऑपरेशन ही सवय नाही, पण त्यानंतर तपासणी टाळणं ही आहे.

गॅस की अटॅक?

छातीत दाब, जडपणा, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप लागणं, मळमळ ही लक्षणं आहेत. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसं न दुखता नुसती धाप किंवा प्रचंड थकवाही येऊ शकतो.

अशा वेळी सोडा पिऊन वाट बघू नका. काम थांबवा, बसा आणि १०८ला फोन करा. ईसीजी काढण्याची सोय असलेला दवाखाना गाठा. जितका उशीर, तितका हृदयाचा जास्त स्नायू मरतो.

आजपासून काय करता येईल?

- वय ३० झालं असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर तपासा. ही तपासणी मोफत असते. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर उपचार लागतात.
- तंबाखू, मिश्री सोडण्याची तारीख ठरवा आणि घरात सांगा.
- लोणचं, पापड, फरसाण रोजच्या ताटातून काढा. भाकरीसोबत डाळ किंवा पालेभाजी वाढवा.
- बैठं काम असेल तर आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चाला. जड काम असेल तर मध्ये विसावा आणि पाणी घ्या.
- महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे हृदयाचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड हाताशी ठेवा.

खाडा, रात्रीची भरणी, लांबलेलं जेवण या गोष्टी एकट्या मजुराने बदलणार नाहीत. ती जबाबदारी कारखान्यांची, मुकादमांची आणि सरकारची आहे. पण पुढच्या हंगामाला निघण्याआधी दंडाला बीपीचा पट्टा बांधून घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यासाठी खाडा पडत नाही.