गाभण शेळीची काळजी : पाच महिन्यांत काय करावं, काय टाळावं?

जालना जिल्ह्यात कापूस, सोयाबीन किंवा मोसंबीनं दगा दिला, तर अनेक घरांत नजर दावणीच्या शेळीकडे जाते. शाळेची फी, दवाखाना, बियाणं अशा वेळी करडू विकून भागवलं जातं. म्हणूनच शेळी गाभडली किंवा विताना दगावली, तर त्या घराची शिल्लकच जाते. यातलं बरंचसं नुकसान साध्या काळजीनं टळू शकतं.

शेळी किती दिवसांनी विते?

साधारण १५० दिवसांनी. पाच दिवस इकडे-तिकडे होऊ शकतात. बोकड दाखवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ जानेवारीला शेळी फळली, तर ३१ मेच्या आसपास विणार. साधारण २१ दिवसांनी पुन्हा माज दिसला नाही, तर ती गाभण असण्याची शक्यता जास्त.

मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी ओळखली जाते. जुळं म्हणजे दुप्पट कमाई, पण शेळीवर ताणही तेवढाच.

शेवटचे सहा आठवडे का महत्त्वाचे?

पोटातल्या करडांची बहुतेक वाढ याच काळात होते. दोन करडं वाढली की कोठीपोटाला जागा कमी उरते. शेळीला गरज जास्त असते, पण खाणं कमी होतं. मग ती अंगातली चरबी जाळते आणि रक्तात विषारी घटक साठतात. याला गर्भविषबाधा म्हणतात.

शेळी कळपापासून वेगळी उभी राहते, चारा सोडते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो. ही लक्षणं दिसली तर उद्यापर्यंत थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

खायला काय द्यावं?

* हिरवा चारा : शेवरी, हादगा, दशरथ घास, लसूण घास.
* वाळलेला चारा : तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट.
* खुराक : शेवटच्या सहा आठवड्यांत रोज २०० ते ४०० ग्रॅम. मक्याचा भरडा, तूरचुणी, सरकी पेंड आणि थोडं खनिज मिश्रण. हळूहळू वाढवा, दोन-तीन वेळा विभागून द्या.

एकदम धान्य खायला घातलं की पोटफुगी आणि आम्लता होते. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली किंवा कोवळी ज्वारीही चारू नका. त्यातल्या विषानं जनावर काही मिनिटांत दगावू शकतं.

उन्हाळ्यात काय?

मे महिन्यात जालन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि चाराही कमी असतो. गाभण शेळी सकाळी लवकर आणि संध्याकाळी चारा, दुपारी सावलीत ठेवा. स्वच्छ पाणी सतत समोर असू द्या. पत्र्याच्या शेडवर पाचट किंवा कडबा टाकला तरी आत फरक पडतो.

शक्य असेल तर जून-जुलैमध्ये शेळी फळवा. मग ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, चारा असताना विते. मात्र तेव्हा करडांना थंडीपासून जपावं लागतं.

लस आणि जंताचं औषध

आंत्रविषाराची लस विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी दिली, तर चिकातून करडांनाही संरक्षण मिळतं. जंताचं औषध मनानं पाजू नका. अल्बेंडाझोलसारखं औषध सुरुवातीच्या गाभण काळात गर्भाला घातक ठरू शकतं.

विताना

कास भरते, शेपटीच्या मुळाशी खळगे पडतात, शेळी पायानं जमीन उकरते. तिला कोरड्या, स्वच्छ जागी वेगळं बांधा. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर ओढाताण न करता डॉक्टरांना फोन करा.

करडू बाहेर आल्यावर नाक-तोंड पुसा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. ‘चीक बाधतो’ म्हणून तो काढून टाकण्याची चूक करू नका. करडाची पहिली लस तीच. १२ तासांत वार पडली नाही, तर ती हातानं ओढू नका.

गाभडली तर?

कारण ब्रुसेल्लोसिस असू शकतं आणि तो माणसालाही होतो. गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका. हातमोजे घाला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. घरातल्या गरोदर बाईला हे काम सांगू नका. दूध उकळूनच प्या.

मदत कुठे मिळेल?

जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा टोल-फ्री क्रमांक १९६२. चारा आणि व्यवस्थापनाच्या सल्ल्यासाठी जिल्ह्यात खरपुडी आणि बदनापूर इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. फोन करताना शेळी फळल्याची तारीख सांगा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.