ड्रीम अलायन्स

ड्रीम अलायन्स (जन्म २००१) : वेल्समधील कोळसाखाणींच्या भागात वाढलेला शर्यतीचा घोडा आणि २००९ च्या ‘वेल्श नॅशनल’ या प्रतिष्ठेच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा विजेता. रंगाने तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय खाली पांढरे. त्याची मालकी केव्हन फॉरेस्ट गावातल्या तेवीस जणांकडे होती.

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे सपाट हिरवळीवर धावतात. ब्रिटन-आयर्लंडमध्ये हिवाळ्यात रंगते ती अडथळ्यांची शर्यत वेगळी. तिथे अंतर मोठे, जमीन चिखलाची आणि वाटेत एकामागून एक उंच कुंपणे. घोडा वेगवान असून भागत नाही, त्याच्याकडे दमही असावा लागतो आणि धाडसही. हा शौक प्रामुख्याने जमीनदार, उद्योगपती आणि राजघराण्यातल्यांचा. केव्हन फॉरेस्ट त्या वर्तुळाच्या फार बाहेरचे. दक्षिण वेल्समधले हे गाव खाणींवर जगलेले. १९८४-८५ चा खाणकामगारांचा मोठा संप फसला, जवळची ओकडेल खाण १९८९ मध्ये बंद पडली, आणि मागे उरले दगडमातीचे ढिगारे व बेकारी.

जॅन व्होक्स याच गावच्या. रात्री कामगारांच्या क्लबात बारच्या गल्ल्यामागे उभे राहायचे आणि सुपरमार्केटमध्ये साफसफाई करायची, असा त्यांचा दिवस. घोड्यांशी संबंध नव्हता, पण प्राणी पैदास करण्याचा हात होता. त्यांची व्हिपेट जातीची कुत्री आणि शर्यतीची कबुतरे बक्षिसे मिळवत. एकदा क्लबात हॉवर्ड डेव्हिस नावाचे करसल्लागार आपल्या जुन्या शर्यतशौकाबद्दल बोलत होते आणि व्होक्सबाईंच्या डोक्यात कल्पना शिरली : कुत्री जमतात, तर घोडा का जमू नये? डेव्हिस यांचे हात पूर्वी घोड्याच्या भागीदारीत पोळले होते, तरी ते या उद्योगात पडले. हिशेब आणि कागदपत्रे त्यांनी सांभाळली.

जॅन आणि त्यांचे पती ब्रायन यांनी रेवबेल नावाची घोडी ३५० पौंडांना विकत घेतली. शर्यतीत तिने काहीही दिवे लावले नव्हते. तिला बिएन बिएन या अमेरिकी वळूघोड्याकडे नेण्यासाठी मात्र ३,००० पौंड मोजले गेले, म्हणजे घोडीच्या किमतीच्या आठपटीहून अधिक. शिंगरू वाढले ते खाणीच्या ढिगाऱ्यावरच्या भाजीपाल्याच्या वाफ्यांशेजारी.

खर्चाची सोय केली ती भिशीसारखी. क्लबात जाहिरात लावली, तेवीस जण जमले, प्रत्येकाने आठवड्याला दहा पौंड द्यायचे. वर्षाचे सुमारे १२,००० पौंड झाले. घोडे बाळगणाऱ्यांच्या दुनियेत ही रक्कम चिल्लर असली, तरी वर्गणी दर आठवड्याला येत राहणे ही मोठी गोष्ट होती.

पुढची उडी अधिक धीटपणाची. मंडळींनी घोडा सॉमरसेटमधल्या माइनहेडजवळ फिलिप हॉब्ज या नामांकित ट्रेनरकडे दिला. नोव्हेंबर २००४ मध्ये न्यूबरीच्या पदार्पणात तो चौथा आला. नवख्यासाठी हे वाईट नव्हतेच. पुढे तो जिंकू लागला, आणि २००७ च्या हेनेसी गोल्ड कपमध्ये त्या काळचा दिग्गज डेनमन याच्यामागे दुसरा आला. आता हा गरिबांचा गमतीचा घोडा राहिला नव्हता.

मग २००८ मध्ये एन्ट्री येथील मैदानावर घात झाला. धावताना मागच्या पायाचा खूर पुढच्या पायावर बसला आणि स्नायूबंध कापला गेला. अशा जखमेनंतर घोड्याला सहसा मैदानावरच इंजेक्शन देऊन संपवतात. याला वाचवण्यात आले. पण परत धावायचे, तर मूलपेशी-उपचार हवा होता आणि त्याचा खर्च २०,००० पौंडांच्या घरात. या पद्धतीत घोड्याच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवतात आणि जखमी स्नायूबंधात टोचतात. बक्षिसांतून साठलेल्या पैशातले वीस हजार पौंड सभासदांनी त्यावर लावले. ड्रीम अलायन्सच्या कथेतला खरा निर्णय हाच, असे म्हणायला हरकत नाही. घोडा पुन्हा धावेल याची खात्री कुणीच दिली नव्हती, आणि वाटून घेतले असते तर तेच पैसे घरोघरी उपयोगी पडले असते.

बरे होण्यात वर्षाहून अधिक काळ गेला. २८ डिसेंबर २००९ रोजी चेपस्टो येथे वेल्श नॅशनलसाठी घोडा उभा राहिला तेव्हा भाव होता वीसास एक. बाजाराचा त्याच्यावर विश्वास नव्हता, एवढाच याचा अर्थ. टॉम ओब्रायन जॉकी होते. जवळजवळ सहा किलोमीटर, वीसाहून अधिक कुंपणे आणि जड जमीन. अखेरीस त्याने सिल्व्हर बाय नेचर या घोड्याला पाऊण लांबीच्या फरकाने मागे टाकले. वेल्समधली ही सर्वांत मोठी शर्यत आणि मालक वेल्सचेच, तेही खाणीच्या गावचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना आणखी काही शोधावे लागले नाही.

२०१० च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याला अर्ध्यावर थांबवावे लागले. नंतरच्या शर्यतींत पूर्वीची धार दिसली नाही, आणि २०१२ मध्ये तो निवृत्त झाला. त्याची एकूण कमाई १,३८,६४६ पौंड. ट्रेनरची फी, उपचार, वाहतूक असे सगळे वजा जाता प्रत्येक सभासदाच्या हाती आले सुमारे १,४३० पौंड. वर्षानुवर्षे दर आठवड्याला दहा पौंड मोजलेल्यांना हा नफा किरकोळच म्हणावा लागेल, पण तोटा झाला नाही, हे घोड्यांच्या धंद्यात दुर्मीळ.

या घोड्यावर लुईझ ऑस्मंड यांचा ‘डार्क हॉर्स’ हा माहितीपट आहे. २०१५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी माहितीपटांसाठीचा प्रेक्षक पुरस्कार मिळाला. पुढे युरॉस लिन यांनी ‘ड्रीम हॉर्स’ (२०२०) हा कथापट केला. त्यात जॅन व्होक्सची भूमिका टोनी कोलेट यांनी, तर हॉवर्ड डेव्हिस यांची डेमियन लुईस यांनी केली. पडद्यावर शर्यतीचा थरार ठळक होणे साहजिक आहे. माहितीपटात मात्र सभासद स्वतः बोलतात, म्हणून वर्गणीची आणि क्लबातल्या बैठकांची बाजू तिथे अधिक कळते.