शब्दसाहचर्य

शब्दसाहचर्य म्हणजे भाषेतील विशिष्ट शब्द विशिष्ट शब्दांच्याच सोबतीने वारंवार येण्याची प्रवृत्ती होय. इंग्रजीत तिला कोलोकेशन म्हणतात. क्रियापद व नाम, तसेच विशेषण व नाम या जोड्या विशेषत्वाने आढळतात. वाक्प्रचारात मूळ अर्थ पालटतो. येथे तो कायम राहतो, मात्र एका शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द चालत नाही. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात. यामागे व्याकरणाचा नियम नसून रूढी आहे.

हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियो येथे अशा इंग्रजी जोड्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ यांनी शब्दाच्या सोबतीलाच अर्थाचा एक भाग मानले. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते.

मराठीशी तुलना

मराठीतील साहचर्य इंग्रजीइतकेच काटेकोर आहे. मातृभाषा असल्याने ते जाणवत नाही, एवढेच. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतीची भाषा याचे उत्तम उदाहरण ठरते. तेथे कापूस वेचतात, मिरची तोडतात, आंबे उतरवतात आणि भाजी खुडतात. इंग्रजीत या सर्वांना 'पिक' हे एकच क्रियापद पुरते. तूर मात्र सोंगतात आणि भुईमूग उपटतात. तेथे 'पिक' चालत नाही. केळीच्या घडातील फणीला इंग्रजी व्यापारात 'हँड', म्हणजे हात, म्हणतात.

विशेषणांत याच्या उलट प्रकार दिसतो. मराठीत चहा, ऊन, शिस्त आणि शिळी भाकरी ही चारही कडक असू शकतात. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट' आणि भाकरी 'हार्ड' होते.

अध्यापनातील स्थान

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. खानदेशात घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी ही तिसरी शब्दव्यवस्था असते. अहिराणीभाषक घरात पावसाला 'पानी' म्हणतात व ते पडते. प्रमाण मराठीत मुसळधार पाऊस कोसळतो. इंग्रजीत तोच 'हेवी रेन' होतो. 'हेवी' म्हणजे जड एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही जोडी सुचणे कठीण. तो 'बिग रेन' लिहितो. वाक्य व्याकरणशुद्ध असूनही खटकते आणि चूक कोठे झाली हे त्याला कळत नाही. सुट्या शब्दार्थांच्या याद्या पाठ करून घेण्याच्या पद्धतीचा हा मोठाच दोष मानावा लागतो.

प्रत्येक वेगळी जोडी चूकच असते असे नाही. 'परीक्षा देणे' यावरून आलेला 'गिव्ह ॲन एक्झाम' हा प्रयोग भारतीय इंग्रजीत रूढ आहे. ब्रिटिश इंग्रजीत मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो.